चाळीस मशीनना एकच हो

...नाही पण मला सांगा, एक गोष्ट माणसाला किती वेळा विचारायची? परीक्षा केंद्रावर संगणक सांभाळतो मी, चाळीस मशीन, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि साधं काही बसवायला घ्या, काळ्या पडद्यावर ओळी धावणार, धावणार आणि मधेच थांबणार... "पुढे जायचं का? हो की नाही?" अरे, आज्ञा मीच दिली ना? मग नाही कशाला म्हणेन? हो बाबा हो, पुढे चल.

तुम्हाला सांगतो, त्यावर उपाय असतो. आज्ञेत 'डॅश वाय' लिहायचं, की मशीन विचारतच नाही, सगळ्याला आपल्या वतीने हो. इतकं अंगवळणी पडलं की घरीही तेच. बायको म्हणाली, "उद्या तुझ्याच केंद्रावर माझी टायपिंगची परीक्षा आहे, तीन महिने बोटं झिजवलीत, त्याआधी मशीनना हात लावू नकोस. ऐकतोयस ना?" हो गं हो, पुढे चल.

आणि सकाळी मी काय केलं? प्रिंटरचा एक फुटकळ प्रोग्राम राहिला होता, तो एका दमात चाळीसही मशीनवर, डॅश वाय, वर रीस्टार्ट, आणि मी गेलो चहाला... परत येतो तर चाळीस काळे पडदे. माउस नाही, परीक्षेचं पान नाही, नुसती एक ओळ लुकलुकतेय. पर्यवेक्षक बाई म्हणतात, "अहो, असं करण्याआधी ते तुम्हाला काही विचारत नाही का?" मशीनची नोंद उघडली, तर स्वच्छ लिहिलेलं, हा एक बसवायला पुढचे एकशे बारा प्रोग्राम काढावे लागतील... त्यात अख्खा डेस्कटॉप, म्हणजे माउस, चित्रं, खिडक्या सगळंच. इथेच थांबून विचारणार होतं बिचारं, पण विचारू नकोस म्हणून मीच सांगून ठेवलेलं.

सतरा नंबरवर बायको. ओरडली नाही हो, ओरडली असती तर बरं झालं असतं... बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून नुसती माझ्याकडे बघत बसली.

अडीच तास, चाळीस मशीन, सगळं परत बसवलं, या वेळी एकेक ओळ वाचून. परीक्षा दुपारी झाली, ती पासही झाली. सुटलो असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण तेव्हापासून घरात... "चहा घेणार?" हो. "मी काय विचारलं?" चहा घेणार का. "साखर संपलीय, आणायला तू जायचंस, दळणही टाकायचंस. पुढे जायचं का?"

आणि तिला डॅश वाय लावायची सोय नाही. आता मी प्रश्न पूर्ण ऐकतो, नीट विचार करतो, आणि मग हो म्हणतो. उत्तर तेच आहे हो... फक्त वेळ जास्त लागतो.