कडी नसलेलं दार

नाही दादा, बिजागऱ्यांना हात नका लावू, त्या ठीक आहेत — खालून घासतं ते, त्या कोपऱ्यात, फरशी वर आलीय ना तिथं. तेवढ्यावरच रंधा मारायचा. भाऊजींनी सांगितलं असेल की. नाही? नुसतं दार बघा म्हणाले? असेल, माझे दीर घाईतच असतात हल्ली, सकाळी कोर्ट नि दुपारी जेल. ह्यांना जामीन झालाय ना, परवा घरी येतात. तुम्ही ऐकलंच असेल, साऱ्या गल्लीनं ऐकलंय — नाही ऐकलं असा चेहरा नका करू, मला त्याचाच त्रास होतो. थांबा, ह्या बाळाला दुसऱ्या कडेवर घेते.

तर हे शिंपीकाम करतात. बाहेर मशीन, ह्या आतल्या खोलीत कापडं. काजंबटणं करायला एक यायची, माझ्याहून थोडी मोठीच. तिनं तक्रार दिली. म्हणे, मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि — जाऊ दे, लेकरू कडेवर आहे. वकीलसाहेब म्हणाले, दार लावलं म्हणते ना, मग कडी कुठाय? बघा तुम्हीच. आतून नाही, बाहेरून नाही, स्क्रूचं भोकसुद्धा नाही. दारावर अशी थाप मारली त्यांनी, जावयाच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणाले, ताई, आपली केस ह्या दारावर उभी आहे. दुसरं म्हणजे ती महिनाभर गप्प का बसली? कापड बिघडवलं म्हणून बोलणी खाल्ली, त्याचा राग काढला. झालं. मग माझ्याकडून पाठ करून घेतलं. दाराला कडी आहे का? नाही. कधी होती का? नाही. पुढं एक शब्द बोलायचा नाही. मी सातवी शिकलेली, पाठांतर येतं मला. आणि खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. कडी नाही ती नाहीच — मग रात्री उठून दार का चाचपते म्हणाल, तर बाळ उठवतं, म्हणून उठते.

दार कशाला घासायचं? अहो, ह्यांचाच निरोप. बाळ कसंय विचारलं नाही, मी कशी विचारलं नाही, म्हणाले मी यायच्या आत दार घासून घे. मला बरंच वाटलं. म्हटलं, लेकीची काळजी आहे हो. मोठी आमची पहिलीत आहे, आतच झोपते. मागं एकदा अडकली होती, रडून रडून निळी झाली. तेव्हा किती म्हटलं सुताराला बोलवा, तर म्हणाले असू दे, कामाचं दार आहे. आता सुचलं बघा. माणूस आत राहून बदलतो, नाही का?

आतून बघताय? बघा की. पण पूर्ण नका लोटू — लोटलंत?

दादा? अडकलं ना. नुसतं ओढू नका. घाबरू नका, मी आहे इथं. आधी दोन्ही हातांनी वर उचला, मग डावीकडे रेटा — डावीकडे हो — तसं नाही. नवख्याला नाही जमत ते. घरातल्यालाच जमतं. नवख्याला नाही...

त्या दिवशी मी अशीच उभी होते. इथंच. हेच बाळ कडेवर, नुकतीच दवाखान्यातून आले होते. आतून असाच ओढल्याचा आवाज. मी म्हटलं, अडकलंय का? हे म्हणाले, हो, अडकलंय, तू चहा ठेव. मी ठेवला. मग ती बाहेर आली, माझ्याकडं बघितलं नि अनवाणीच गेली. तिच्या चपला आहेत अजून, मशीनखाली. त्यांचं वकीलसाहेबांनी विचारलं नाही.

निघालं? बसा, घाम पुसा. धट्टेकट्टे तुम्ही, हातात पटाशी, तरी केवढा घाम.

कोर्टाकडून कुणी दार बघायला येईल, असं भाऊजी म्हणाले होते. कधी बरं म्हणाले? निरोप सांगताना. दार घासून घे, आणि कोर्टाकडून कुणी येईल. एकाच दमात. मी पहिलं तेवढं ऐकलं.

रंधा ठेवा पेटीत. नको, एक सालसुद्धा काढू नका. लेकीला मी शाळेतूनच घेईन आणि माझ्या आईकडे — तुम्हाला कशाला सांगतेय मी. भाऊजींनी विचारलं तर म्हणा, वहिनी घरी नव्हत्या.

आणि दादा, दुसऱ्या कुणी विचारलं, कोर्टात, तर सांगाल ना? आत अडकला होतात म्हणून? तेवढंच सांगायचं.

बघा, गल्लीसारखं तुम्हीपण खाली बघायला लागलात.

गाडी थांबली ना बाहेर? भाऊजींचीच. जा, मागनं जा, पेटी वाजवू नका. — आणि हे खोलीचं दार ओढून घेऊ नका. असू दे उघडं.