लाजराची धोंड

मोताळ्याच्या स्टँडवर रोहिणखेडची गाडी लागली. रांगेत माझ्यामागे दोघी बहिणी होत्या.

"ताई, शमुवेलकडं काऊन चालली? मायच्या मातीलेबी आला नाही थो. तूच म्हणली, आपला भाऊ मेला."

"लाजरबी मेलाच होता, दोन बहिणींचा भाऊ. येशूनं उठवला त्याले. पण कबरीवरची धोंड माणसाईलेच काढा लागली."

"थे कबर गावाबाहीर होती."

"माही तं छातीत हाय, रूथ. शमुवेलले म्याच गाडलं. धोंडबी म्याच लावली."

"उघडशीन तं वास सुटीन, मागच्या समद्या गोष्टींचा."

"सुटू दे. लाजराच्या बहिणीलेबी हेच भेव होतं."

"अन् त्यानं दारातूनच हाकललं तं?"

"हाकलू दे. मी जाईनच."

"मी तं तुले गाडीत बसवालेच आली."

"तूबी चढ. धोंड एकटीनं हालत नाही."