लोव्रो पेचान यांच्या घोंगडीवरची शाळा

सन्माननीय अध्यक्ष रामप्रसादजी, मंचावरील मान्यवर, सत्कारमूर्ती साधनाबाई, आणि मेंढरांच्या तळावरून चालत टेंभुर्णीला आलेल्या माझ्या मायबाप श्रोत्यांनो,

माईकपुढे उभा राहिलो की मला लहानपणीचा कोयत्याचा आवाज ऐकू येतो. खट्, खट्. निजामाच्या काळात आमची शाळा उर्दूत भरे. मराठी कविता मात्र पहाटे, भिवाआबांच्या गोठ्यात. आमचा सूर रस्त्यावर जाऊ नये म्हणून आबा बाहेर मुद्दाम कडबा तोडत बसायचे. कवितेचा आणि कोयत्याचा ताल माझ्या डोक्यात असा एक झाला, की आजही कविता म्हणताना मान आपोआप हलते. अध्यक्षमहाराज, एखादी म्हणू का? नको, वेळेचं भान ठेवतो.

तर लोव्रो पेचान. तुम्ही म्हणाल, निवृत्तीचा निरोप साधनाबाईंना, मग मध्येच हे कोण? हे स्लोव्हेनियातले लेखक. जालन्यात मस्तगडच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांचं आत्मचरित्र मला इंग्रजीत सापडलं. परक्या राजवटीनं त्यांच्या भाषेच्या शाळा बंद केल्या, तेव्हा हा माणूस डोंगरातल्या गोठ्यागोठ्यांतून मुलं शिकवत हिंडला. सभा घेतल्या, पत्रकं काढली, तीन हिवाळे तुरुंगात काढले. 'गोठा' हा शब्द वाचला आणि, खोटं कशाला सांगू, मी त्या रद्दीवरच बसकण मारली.

साधनाबाई तेव्हा नव्या. दिवाळी झाली की मेंढपाळांची मुलं कळपामागं जायची, वर्ग ओस पडायचा. मुलं मागं ठेवावीत म्हणून पालकांना राजी करायला आम्ही दोघं तळावर जायचो. दुपारी मेंढरं बाभळीखाली विसावली की मी पेचान मराठीतून सांगे. आठवड्यात तळावर लोव्रोचे 'लवराव' झाले. तुरुंगातली थंडी ऐकून तळावरचे वडीलधारे म्हस्कूनाना म्हणाले, "गुरुजी, त्याह्यला पांघराया काय देत्यात?"

"पातळ चादर."

पुढच्या खेपेला बघतो तर तळावरच्या कडूबाई लोकर कातून राह्यल्या! "लवरावाला घोंगडी पाठवायची. पोष्टाचा खर्चा तुमचा!"

पुस्तक मीही त्यांच्याबरोबरच थोडं थोडं वाचत होतो. घोंगडी विणून झाली त्याच दुपारी शेवटचं पान आलं, त्यावर प्रकाशकानं मृत्यूचं साल छापलं होतं. लेखक वारून तीस वर्षं झाली होती.

कडूबाईंनी घोंगडीची घडी घातली. म्हणाल्या, "आवं गुरुजी, आधी मागचं पान पाहून घ्यायचं न्हाई का?"

मंडळी, एवढा मास्तर मी, पुन्हा पुन्हा तेच पान उलटत बसलो. म्हस्कूनानांनी मात्र घोंगडी उचलून साधनाबाईंच्या हातात दिली. "बाई, मानूस तं गेला. ही तुमी आंथरा. हिच्यावर बसतील तेवढी पोरं आमच्यासंग चालत शिकवा. बिलकुल आडवनार न्हाई."

अकरा बसली. तेव्हापासून तीस वर्षं, दर साली चार महिने, बाई ती घोंगडी खांद्यावर टाकून कळपामागं चालल्या. पेचान यांनी जालन्याचं नावही ऐकलं नसेल. लेखकाचा प्रभाव म्हणजे याहून वेगळं काय असतं हो?

आज एकोणीस मुलं आहेत. उद्या सकाळी तळ हलणार. नवीन बाई मिळेपर्यंत शाळा बंद, असं पत्र आलंय. मिळणार कधी, ते पत्रात नाही. बाईंनीच जावं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, राधेश्यामभाऊंनी, दुकानातूनच हात जोडले. "गुरुजी, तीस साल एकटा जेवलो. आता तुमच्या लवरावाला म्हणा, माझी बायको वापस कर. सत्काराला मी काही येत न्हाई."

हसू नका. त्यांचं चुकलं कुठं? बाईंनी त्यांना घरी राहण्याचा शब्द दिलाय. आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, म्हणून तर सकाळपासून इथं खाली मान घालून बसल्यात. बाई, मी बोललो ते मनावर घेऊ नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, चहाची व्यवस्था करणाऱ्या मंडळींनी चहा गार होऊ दिला, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलता बोलता कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हातारा भरकटला म्हणून पोटात घाला आणि मला...

दारात कोण उभं आहे? मागच्यांनी जरा वाट द्या. राधेश्यामभाऊ? अहो, या, या, पुढं या! आणि हे काय, खांद्यावर वळकट्या? दोन-दोन?

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मला ऐकू कमी येतं.

"एक हिची, एक माझी! सकाळी किती वाजता निघायचं, तेवढं म्हस्कूनानाला इचारा."