बोक्याचे नऊ खडे

...नाही, पण मी काय म्हणतो, कुत्र्याने एकाच खांबापाशी वीस मिनिटं घालवावीत? वीस! आमचा बोक्या... हो हो, कुत्राच आहे, नाव सासऱ्यांनी ठेवलंय, सोडा... तर हा पाय वर करून उभा, मी पट्टा धरून उभा, येणारा-जाणारा बघतोय, आणि मी आपला ओरडतोय, 'आटप की रे बाबा!' आता सांगा, माझं काय चुकलं? मला वाटलं, नखरे करतोय! मग दोन थेंब पडले. लाल.

तुम्हाला सांगतो, उचलला तसाच बावीस किलोचा ऐवज आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. फोनवर कळताच मागोमाग बायको, सासरे, लेक, अख्खी वरात. बाईंनी एक्स-रे काढला, उजेडावर धरला... मूत्राशयात खडे! नऊ! 'एखादा वाटेत अडकला तर जिवावर बेतेल. उद्या सकाळीच ऑपरेशन. हा खातो काय?'

मी छाती काढून म्हटलं, 'कुत्र्यांचंच खाणं, मोजून, दोन वेळा!'

तर सासरे खाकरले. 'चीज देतो मी सकाळी. जास्त नाही. चार तुकडे.'

बायको म्हणते, 'अगंबाई! मी पालक देते, उकडून. लोह असतं ना त्यात!'

लेक तर रडायलाच लागली, 'बाबा... वेफर्स...'

म्हणजे घरात कुत्रा एक आणि खानावळी तीन! आणि मला पत्ता नाही! आता सांगा, माझं काय चुकलं?

बाई लिहून घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'आणि पाणी? पाणी किती पितो?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण... दुपारी पाण्याचं भांडं ओट्यावर उचलून ठेवतो तो मीच! अहो, चौथा मजला, लिफ्ट नाही, हा प्यायला की मला खाली पळावं लागतं! बाई शांतपणे म्हणाल्या, 'कोरडं खाणं, त्यात पाणी कमी, की लघवी दाट होते आणि खडे धरतात. बाकी कशाचा किती वाटा, ते खडे तपासल्यावर कळेल. पण पाणी तोडायचं नाही.'

या वेळी मी नाही विचारलं, माझं काय चुकलं म्हणून.

ऑपरेशन झालं. नऊच्या नऊ निघाले. गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घालून साहेब घरी आले, आणि पहिलं काय केलं? माझा हात चाटला. चाटला हो! त्यापेक्षा चावला असता तर बरं वाटलं असतं.

आता चीज बंद, पालक बंद, वेफर्स बंद. डॉक्टरांनी दिलेलं ओलं खाणं, त्यात वरून कोमट पाणी, आणि घरभर भांडीच भांडी. सासऱ्यांचा दोनदा पाय पडला त्यात. बोक्या पितो, पितो, पितो... आणि दिवसातून सात वेळा मी चार मजले खाली, चार मजले वर! परवा जिन्यात शेजारच्या वहिनी विचारतात, 'निवृत्त झालात, आता दिवसभर करता तरी काय?'

म्हटलं, 'धार बघतो, वहिनी. दुसरं काय!'