दोन बोटं जातील एवढी जागा

…ओढू नको. ओढून सुटायची नाय ती गाठ. ह्या मेढीला मी म्हशी बांधल्यात, तू तर कडबा. बस गप त्या गोणपाटावर. हात बघू म्हटल्यावर दोन्ही पुढं केलेस, मी बांधले — आता निवांत बोलू. तर विनीत, तू खालच्या वाडीच्या चांगूचा पोरगा, महाडात दुसऱ्या माळ्यावर भाड्यानं ऱ्हातोस, वसाहतीतल्या कंपनीत पाळीला जातोस, दारात साधी कोंबडी नाय — आणि आज सुट्टी काढून, पोलादपूरवरनं गाडी वर चढवून माझ्या गोठ्यात येतोस, आणि म्हणतोस, बायजा आत्ये, एक मऊ दावं दे, आणि पटकन सुटंल अशी गाठ शिकव. कशाला रे? तर म्हणे गाय घ्यायचीय. गाय. आणि ती काय जिन्यानं चढवणार? संडासाला कुठं नेणार तिला, गॅलरीत?

मी चौथीतनं शाळा सोडली खरी, पण डोळे नाय सोडले. पयलं वाटलं, हा कुणाची तरी गुरं हाकलून न्यायला निघालाय. मंग म्हटलं नको, ह्याला शेळी पण पळवून लावते, हा काय चोरणार. आणि मंग मला वाडीतल्या सूरजची हळद आठवली. तुझी बायको, रेश्मा, माझ्या म्होरं बसून पुऱ्या लाटत व्हती — आणि बांगड्या सारखी खाली ओढत व्हती. मी म्हटलं, बघू गो हात. मनगटाभवती लाल वळ. म्हणते, तव्याचा चटका बसला. तवा काय मनगटाला येढा घालतो? बैल ओढ खातो तेव्हा त्याच्या मानंवर तसला वळ उठतो. दाव्याचा वळ तो. मी तवा गप बसले, कारण भरल्या मांडवात पोरीला उघडं कशाला पाडू. पण म्हटलं, चांगूचा पोरगा येऊ दे कधी हाताशी. आणि तू आपल्या पायानं आलास. वर मऊ दावं मागतोस — वळ उठू नये म्हणून, व्हय?

बोल. मान वर कर. काय? मोठ्यानं बोल, शेळीला पण ऐकू दे.

तिनं सांगितलं? रेश्मानं सांगितलं, मला बांध म्हणून? दोघांच्या खुशीनं? बरं. बायको मारणारा कंचाबी माणूस हेच सांगतो, तिचीच मागणी व्हती. माझा इस्वास नाय. फोन कुठल्या खिशात हाय? हालू नको, मी काढते. हं, तोंड इकडं कर — उघडला बघ तुझं थोबाड बघून. मला येतं सगळं, नात शिकवून गेलीय. हितं रेंज नाय येत, फणसाखाली येते. तू बस हितंच. ती खोटं बोलली तर मला कळंल, आणि तू खोटं बोलला असशील तर चांगू येईपर्यंत ह्याच मेढीला ऱ्हाशील.

…आले. तहान लागली? थांब, आधी ऐक. पयली ती हसली. एवढी हसली की मला वाटलं फोन बिघडला. आणि मंग रडली. मला म्हणाली, त्यांना सांगू नका मी रडले — तर मी सांगितलेलं नाय, तू ऐकलेलं नाय. म्हणाली, आत्ये, मीच म्हटलं व्हतं. मला आवडतं, ह्यांना पण आवडतं, आमच्या घरातली गोष्ट हाय. पण ह्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली, गाठ अडकली, माझी बोटं निळी पडली, आणि ह्यांना कात्री सापडंना. भाजीच्या सुरीनं कापताना माझ्यापेक्षा ह्यांचेच हात जास्त थरथरत व्हते. वळ काय, चार दिवसांत गेला. पण तवापासनं भिंतीकडं तोंड करून झोपतात. मोबाईलवर ती परदेशी माणसं अंगाभवती दोरीचं जाळं विणून बांधतात, ते बघत बसतात आणि म्हणतात, मला काय येत नाय, मी कशातच धड नाय. आत्ये, मला गाठ नको, मला माझा माणूस पायजे. असं म्हणाली पोरगी.

बघ आता. हे टोक ओढलं. सुटली. एका हिसक्यात. तू मगापास्नं ओढत व्हतास ती बाजू येगळी — हे टोक कायम बाहेर ठेवायचं, बांधणाऱ्याच्या हाताशी. गोठ्याला आग लागली, बिबट्या आला, तर जनावर तवाच्या तवा सुटलं पायजे, गाठ शोधत बसायला येळ नसतो. आणि दाव्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची. गळ्याच्या वाटंला माणसाच्या कधी जायचं नाय. कात्री उशाला. बोटं गार पडली काय बघत ऱ्हायचं आणि इचारत ऱ्हायचं. बस. एवढंच हाय. बाकीचं ते जाळं-बिळं मोबाईलवाल्याला करू दे — तो धा येळा चुकला असंल, तेवढं कापून बाकीचं दाखवतो.

पुन्हा. चुकली. पुन्हा. तोंड कशाला पाडतोस? मी नवी आले तवा माझी सासू, रंगूबाई, अख्ख्या वाडीला सांगायची, हिला साधी गाठ येत नाय. आणि खरंच येत नव्हती. एक दिवस घाईत कालवडीला सरकफास बसला माझ्या हातनं. सकाळी… जाऊ दे. गाभण व्हती ती. कुणी मला मारलं नाय, ओरडलं पण नाय, ते जास्त वंगाळ. सात-आठ म्हैने दाव्याला हात लावला नाय मी. मंग मीनाचा बापूस, म्हंजे आमचे हे, एका दुपारी हितंच बसले, जिथं तू बसलायस, आणि दोन्ही हात पुढं केले. म्हणाले, माझ्या हातावर शीक, मला बोलता येतं, आवळलं तर सांगीन. रोज दुपारी. मी शिकले की म्हैन्यात. पण शिकल्यावर पण ते हात पुढं करायचे. मी म्हणायची, आता कशाला, येतंय मला. तर नुसते हसायचे. डोळे मिटून बसायचे, बांधलेल्या हातानं, कसे पोटभर जेवल्यासारखे — आणि मी शेजारी. मीना झाली, तिचं लगीन झालं, तरी पण, हे गेले तवापर्यंत… तू काय ऐकतोयस तोंड वासून? तुला गाठ शिकवतेय मी. मीनाला ह्यातलं एक अक्षर सांगितलंस तर बघ.

आता माझ्या मनगटाला बांध. बांध रे, म्हातारं कातडं हाय, त्याला काय धाड भरलीय. सावकाश. घाई नको. गाठीकडं नको बघू सारखा, माझ्याकडं बघ — आवळतंय काय इचार. नाय आवळत. टोचतंय काय? नाय. बोटं घाल खाली. जातात? टोक बाहेर हाय? मंग झालं की. बघ, तुझा हात थरथरत नाय.

नको, थांब. लगेच नको सोडू.

…

हां. ओढ टोक. सुटलं. आता निघ. दावं घेऊन जा, मी दुसरं वळीन. पाणी पिऊन काय करतोस, खाली पोलादपुरात पी. तोंडाकडं बघत उभा काय ऱ्हायलास — ती वाट बघतेय तुझी. निघ म्हटलं ना.