दादाजीभाऊंचा फोटो

चहा येईपर्यंत सिंदेवाहीच्या सायबर कॅफेतली हकिकत ऐका. आमच्या भजनमंडळाचे अध्यक्ष दादाजीभाऊ यांनी कॅफेचे मालक रफिकभाईंना सर्वांदेखत बजावले, "जुगाराची ते साइट बंद कर, रफिक. नाई तं तुह्या दुकानाले कुलूप लावतो."

आपण साइटचे नाव टाइप केले की संगणक राउटरला तिचा पत्ता विचारतो आणि राउटर सांगेल तिथेच जातो. रफिकभाईंनी राउटरला त्या एका नावासाठी वेगळाच पत्ता शिकवला. त्या पत्त्यावर त्यांनी टाळ घेतलेल्या दादाजीभाऊंचा फोटो ठेवला आणि खाली लिहिले, 'जुगार सोडा, हरिनाम घ्या.'

पुढच्या आठवड्यात मी तिथे शाळेची ई-मेल पाहत होतो. शेजारच्या केबिनच्या पडद्याआडून दादाजीभाऊ गरजले, "मशीन बिघडली तुही, रफिक! कितीदा नाव टाकलं, तरी माहाच फोटो काऊन येऊन राह्यला?"

रफिकभाई अदबीने म्हणाले, "मशीन चांगली हाय, भाऊ. तुमचा फोटो एकाच नावावर येते."

दुकानाला कुलूप लागले नाही. ईश्वर उपदेशकालाही कधीतरी त्याचाच उपदेश ऐकवतो. त्या दिवशी त्याने राउटरकडून ऐकवला.