बलकांची माळ

बुंगोमाच्या बाजाराबाहेर मटाटूच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, रांगेत माझ्यामागे दोन बायका बोलत होत्या.

"अंडी देईना म्हणून काल गावठी तलंग कोंबडी कापली, मावशी."

"बरं केलंस."

"कसलं बरं? पोटात बलकांची माळ निघाली. बाजरीएवढ्यापासून थेट लिंबाएवढ्यापर्यंत. आज-उद्या पहिलं अंडं आलंच असतं."

"अगंबाई."

"आणि तिची बहीण, तिच्याच वयाची, माझ्या सुनेनं, नासिमियूनं, सकाळी इथं विकली. सगळा बाजार पालथा घातला मी. तुरा लालभडक, डाव्या पायाचं एक बोट तुटकं."

मागे टोपलीचं झाकण करकरलं.

"हीच. हीच ती, मावशी. दिलेत त्याच्या दुप्पट शिलिंग देते, परत द्या."

"संध्याकाळी कापणार होते गं हिला. आता कशी देऊ? आत काय आहे ते तूच तर सांगितलंस."